तिकडे तुम्हाला काय म्हणायचे?

मित्रांनो, मी तवा आहे. जुना, बिडाचा, काळाकुट्ट. माझा एक कान तुटलेला आहे. दुसरा शाबूत असल्यामुळे मी चार देशांत पुष्कळ ऐकले. त्यातले बहुतेक ऐकण्याच्या लायकीचे नव्हते, पण तव्याला उठून जाता येत नाही.

व्हेनेझुएलातल्या बार्किसिमेतो शहरात एका भट्टीत मी ओतला गेलो. त्याआधी मी एका ट्रकचे इंजिन होतो म्हणतात. मला ते आठवत नाही. आठवते ते वालेरा गावातले एर्मिनियाबाई ब्रिसेन्यो यांचे स्वयंपाकघर, तिथली चूल आणि माझ्यावर सकाळ-संध्याकाळ भाजल्या जाणाऱ्या आरेपा. आरेपा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी. आमच्या लोकांना ती दोन वेळा मिळाली नाही तर आपण जेवलो असे वाटतच नाही.

त्या भाकऱ्या एर्मिनियाबाई भाजत नसत, बेलार्मिना भाजत असे. बेलार्मिना डोंगरापलीकडून, कोलंबियातून आली होती. तिचे गाव जाळले होते. तेव्हा आमच्या देशात तेल होते, तेलाबरोबर तोरा होता, आणि कोलंबियाचे लोक हजारोंनी आमच्या दारात येत होते. श्रीमंत देश जसा वागतो तसाच आमचा देश वागला. काम दिले, जेवण दिले, आणि नाव काढून घेतले. बेलार्मिना चाळिशीची होती, तरी घरात सगळे तिला ‘पोरी’ म्हणत. पोरी, पाणी आण. पोरी, गच्चीवरचे कपडे काढ.

एर्मिनियाबाईंच्या मुलीचे नाव आउरिस्तेला. ती सात वर्षांची होती. दुपारी मी थंड असलो की बेलार्मिना माझ्यावर मक्याचे पीठ चाळून पसरायची आणि बोटाने त्यात एकेक अक्षर काढायची. आउरिस्तेला ते गिरवायची, मग पीठ परत डब्यात जायचे. माझ्या आयुष्यात मी जी काही प्रतिष्ठेची कामे केली, त्यांत हे पहिले. एका दुपारी ‘म’ची पाळी आली.

“‘म’ कशाचा?” आउरिस्तेलाने विचारले.

“माएस्त्राचा. मास्तरीणबाईंचा,” बेलार्मिना म्हणाली. “मी तिकडे चौदा वर्षं मास्तरीण होते.”

मुलीला हे इतके नवल वाटले की तिने ते रात्रीच्या जेवणापर्यंतही पोटात ठेवले नाही. कॉफीच्या वेळीच, पाहुण्यांसमोर तिने सांगून टाकले.

“मास्तरीण?” एर्मिनियाबाईंनी चमचा खाली ठेवला. “अगं बाई, मग मी स्पेनची राणी!”

“राणीसाहेब,” आउरिस्तेलाचा मामा म्हणाला, “मास्तरीणबाईंना म्हणावं, कॉफी गार झालीये.”

सगळे हसले. सगळे हसले म्हणून आउरिस्तेलाही हसली. बेलार्मिनाने कॉफी गरम करून आणली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावर पीठ पसरले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ‘म’च्या पुढची अक्षरे आउरिस्तेला शाळेत शिकली. पुढे बेलार्मिना निघून गेली. कुठे गेली हे कुणी विचारले नाही.

निर्वासितांना कोणता देश कसा वागवतो याची तुलना तुम्ही कधी शाळेत शिकाल, तेव्हा आमच्या देशाला पहिल्या ओळीत बसवा. तिथून सुरुवात केलेली बरी. नाहीतर मीही इतरांसारखा दुसऱ्यांकडेच बोट दाखवणारा ठरेन.

आउरिस्तेला मोठी झाली, नर्सिंगची पदवी घेऊन आली आणि सव्वीस वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात उभी राहिली. आमच्याकडे पदवीधर नर्सला ‘लिसेन्सिआदा’ म्हणतात. ही हाक नुसत्या वॉर्डात मारत नाहीत. बाजारात, बसमध्ये, चर्चच्या पायरीवर कुणी ना कुणी हाक मारायचेच. “लिसेन्सिआदा, हा बघा तुम्ही ओढून काढलेला!” आणि मिशी फुटलेला एक आडदांड मुलगा लाजून पुढे व्हायचा. तिचे पाळण्यातले नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होते.

मग वॉर्डात हातमोजे येईनासे झाले. मग औषधे, मग वीज. एका आठवड्यात तीन बाळे तिच्या हातात गेली. सलाइनच्या दोन बाटल्यांनी तिन्ही वाचली असती. त्या आठवड्याच्या शेवटी तिने पदवी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि मला टॉवेलमध्ये गुंडाळले.

“आई, सहा किलोचा आहे हा,” तिची मुलगी दामारिस म्हणाली. “मी माझी सगळी पुस्तकं टाकून निघालेय. तू हा घेऊन निघालीस?”

“पुस्तकं सगळीकडे मिळतात.”

“आणि तवे?”

“तवेही मिळतात. तोंड नको चालवूस, पाय चालव.”

चौपन्नाव्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. कुठल्याही देशातल्या कुठल्याही रुग्णालयात कुणीतरी पुन्हा ‘लिसेन्सिआदा’ अशी हाक मारावी आणि तिने ‘आले’ म्हणावे. घर, पैसा, झेंडा यांबद्दल ती बोलत नसे. एवढ्याशा हट्टापायी मी सात हजार किलोमीटर टॉवेलमध्ये हिंडलो.

पहिला मुक्काम कोलंबिया. सीमेवरच्या पुलावर शिपायाने मला ठोकून पाहिले. “बाई, हे हत्यार आहे का?” ती म्हणाली, “माझ्या आरेपा खाशील तर कळेल.” तो हसला आणि त्याने सोडले. त्या देशातले ते शेवटचे सरळ काम.

कोलंबियाला भाषणे करायला आवडतात. टीव्हीवर रोज कुणीतरी टाय लावून सांगत होते की व्हेनेझुएलाचे लोक आमचे भाऊ आहेत. भावाला राहण्याचा कागद मिळाला, हे मान्य करतो. बाकीच्यांनी तेवढेही केले नाही. पण पदवीच्या खिडकीवर भावाचा पाहुणासुद्धा राहिला नाही.

“पदवीवर तुमच्या सरकारचा शिक्का हवा,” खिडकीतला माणूस म्हणाला.

“मी तिथून पळून आलेय, साहेब.”

“ते ठीक आहे. पण शिक्का तिथंच मिळतो.”

बुकारामांगा शहरात ज्या घरी आम्ही राहिलो, तिथली घरमालकीण सोकोरो मनाने वाईट नव्हती. ती आउरिस्तेलाला ‘शेजारीणबाई’ म्हणायची आणि माझ्याकडे संशयाने पाहायची. “तुमच्या आरेपा म्हणजे तुमच्यासारख्याच हो शेजारीणबाई, नुसत्या फुगलेल्या! खरी आरेपा आमची.” एकदा तिने सहज विचारले, “तुमच्याकडे आमची माणसं खूप होती ना पूर्वी?”

“होती. आमच्या घरी एक होती. बेलार्मिना.”

“काय करायची?”

आउरिस्तेला माझ्यावरची भाकरी उलटत होती.

“स्वयंपाक,” ती म्हणाली.

मित्रांनो, मला त्या वेळी तिची कीव आली नाही. मला तिचा राग आला. चार देशांतल्या अधिकाऱ्यांनी कमावला नाही एवढा राग तिने एका शब्दात कमावला. तिला खरा शब्द ठाऊक होता. तो तिने माझ्यावरच गिरवला होता.

कोलंबियात शिक्का मिळेना, म्हणून पेरू. वाटेत इक्वेडोरने आम्हाला एक घोंगडी दिली आणि ती देताना फोटो काढला. इक्वेडोरबद्दल मला एवढेच सांगायचे आहे.

लिमा शहरात आउरिस्तेला एका मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर गाडीवर आरेपा विकायची. पेरूत रोजच्या विकणारीला ‘कासेरा’ म्हणतात आणि रोजच्या गिऱ्हाइकालाही कासेराच म्हणतात. ऐकायला गोड आहे. देणाराही तोच, घेणाराही तोच. पण फाटकाच्या आत जायची वेळ आली की गोडवा संपायचा. पदवीच्या तपासणीसाठी तिला चौदा महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती आणि राहण्याचा परवाना बारा महिन्यांचा होता. हे गणित ज्याने केले त्याला बेलार्मिनाने फळ्यापाशी उभे केले असते.

आणि एक गोष्ट तिथे रोज व्हायची, ती मी विसरू शकत नाही. पेरूतही नर्सला ‘लिसेन्सिआदा’च म्हणतात. फाटकातून कुणी ना कुणी ओरडायचे, “लिसेन्सिआदा! अहो लिसेन्सिआदा!” आणि आउरिस्तेलाची मान वळायची. हातात पिठाचा गोळा असला तरी वळायची, गिऱ्हाईक पैसे पुढे करून उभे असले तरी वळायची. गाडीवर खायला येणाऱ्या एका तरुण नर्सच्या ते लक्षात आले.

“तुम्हाला नाही हो, कासेरा,” ती तोंड भरलेले असताना म्हणाली, “मला बोलावतायत.”

आउरिस्तेलाने तिला कागदात गुंडाळून दुसरी आरेपा दिली. त्यानंतर तिने मान वळवायची नाही असे ठरवले. मान ठरवल्याप्रमाणे वागली नाही.

माझा कान तिथेच तुटला. एका सकाळी शिपाई गाड्या उचलायला आले आणि एकाने आमची गाडी बुटाने ढकलली. मी फुटपाथच्या कडेवर आपटलो. “परत जा ना तुमच्या देशात!” असे तो ओरडत होता. दामारिसने तुकडा उचलला, पण बीड सांधता येत नाही. तो तुकडा तिच्याकडे आहे. कशाला ठेवला आहे, मी विचारलेले नाही.

म्हणून चिली. वाळवंट, बस, पुन्हा वाळवंट, आणि मग सान्तियागो शहरात एका लांबलचक अंगणाच्या कडेने असलेल्या खोल्यांपैकी एक खोली. घरमालक निबाल्दो यांनी मला पाहून विचारले, “हा तवा आहे का गटाराचं झाकण?” चिलीच्या लोकांना पाव आवडतो. भाकरी फुगते कशी, हेच त्यांना कळत नाही.

पण चिलीचे परक्यांच्या नोंदणीचे कार्यालय काय सांगू! काचा स्वच्छ, खुर्च्यांची रांग सरळ, यंत्रातून नंबर येतो, थंड पाणी आहे. आउरिस्तेला घरी आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. खिडकीतल्या मुलीने तिला हसून बसवले होते. “शिक्षण, सेन्योरा?” असे विचारले होते. आणि आउरिस्तेलाने पाठ ताठ करून एकच शब्द सांगितला होता, सव्वीस वर्षांचा. लिसेन्सिआदा. मुलीने तो लगेच टाइप केला होता, शिक्का मागितला नव्हता.

चार महिन्यांनी पत्र आले. ‘आपल्या शैक्षणिक पात्रतेनुसार’ तिला सफाईकामाच्या मोफत प्रशिक्षणासाठी निवडले होते. दामारिसने पत्र दोनदा वाचले आणि मग खाली बसली.

“आई, इथं शाळा संपवलेल्यांना लिसेन्सिआदा म्हणतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू बारावी पास आहेस.”

आउरिस्तेला माझ्यावर तेलाचा फडका फिरवत होती. ती फिरवतच राहिली. दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, असे पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते. सोबत मूळ पदवी जोडावी. पदवीवर मूळ देशाच्या सरकारचा शिक्का असावा.

याच सुमारास एका संस्थेची मुलगी प्रश्नावली घेऊन आली. ती देशांची तुलना करत होती. कोणता देश परक्यांना किती सामावून घेतो, याचा तक्ता बनवणार होती.

“एक ते दहा, कोलंबियाला किती द्याल?” तिने विचारले. “पेरूला? आम्हाला किती?”

“तू मला इथं काय म्हणून लिहिलंयस?” आउरिस्तेलाने विचारले.

मुलीने कागद पाहिला. “लाभार्थी क्रमांक एकतीस.”

“मग गुण त्या तव्याला विचार. तोही सगळीकडे होता.”

मुलगी प्रामाणिकपणे हसली आणि तिने माझा फोटो काढला. तो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला. आत चिलीला आठ गुण होते, कोलंबियाला सात, पेरूला पाच. माझे गुण कुणी घेतले नाहीत, म्हणून इथे देतो. तुम्ही तिकडे काय होतात, हे पेरूने विचारले नाही. कोलंबियाने विचारले आणि ऐकून घेतले नाही. चिलीने विचारले, ऐकले आणि चुकीचे लिहिले. सुंदर अक्षरात.

शेजारच्या खोलीत गेर्दा राहायची. ती हैतीची, उंच, कमी बोलणारी. एका रुग्णालयात फरशी पुसायची. हैतीच्या लोकांना त्या अंगणात सगळेच थोडे कमी लेखत, व्हेनेझुएलाचे लोकसुद्धा. ज्यांच्या डोक्यावर चार पायऱ्या असतात, त्यांना पायाखाली एक पायरी हवीच असते. गेर्दा कच्ची केळी भाजायला मला उसना न्यायची आणि नेहमी पुसून, तेल लावून परत आणायची. एकदा मला परत देताना तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ती म्हणाली, “मी तिकडे नर्स होते.”

आउरिस्तेला हसली.

“हो का? इथं सगळेच तिकडे काहीतरी होते.”

तिच्या मामाचे हसणे मी पन्नास वर्षांनी ओळखले. गेर्दा मला चुलीवर ठेवून गेली. खरे सांगतो, त्या दिवशी आरेपा मी जाळल्या असत्या, तव्याच्या हातात ते असते तर.

पुढच्या हिवाळ्यात आउरिस्तेलाच्या पोटात गाठ निघाली. उशीर झाला होता. रुग्णालयाने तिला घरी पाठवले, हातात सलाइनची सुई ठेवून. आठवड्यातून दोनदा तिथली नर्स येऊन वेदनेचे औषध देऊन जायची. एका रविवारी सकाळी सुई बंद पडली. हात सुजला, औषध आत जाईना. आउरिस्तेला उशी दातांत धरून पडली होती. दामारिस फोन लावत होती आणि फोन तिला सांगत होता की तिचा फोन महत्त्वाचा आहे. कण्हणे ऐकून गेर्दा दारात आली.

ती माझ्याशेजारच्या नळाशी गेली आणि हात धुऊ लागली. बोटे, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपरापर्यंत. मग हात वर धरले, पाणी कोपरांवरून खाली जाऊ दिले आणि नळाचा दांडा कोपराने ढकलून बंद केला.

आउरिस्तेलाने उशी सोडली. ती पाहत होती.

गेर्दाने जुनी सुई काढली, दामारिसकडे रुग्णालयाने दिलेली नवी सुई मागितली, दुसऱ्या हातावर दोन बोटांनी ठोकून शीर शोधली आणि एका प्रयत्नात सुई घातली. थोड्या वेळाने खोलीतले श्वास मोकळे झाले. गेर्दा निघाली.

“थांब,” आउरिस्तेला म्हणाली. “तू नळ कोपरानं बंद केलास.”

“सवय आहे.”

“तिकडे तुला काय म्हणायचे?”

गेर्दा दारात उभी राहिली. हा प्रश्न तिला या देशात सहा वर्षांत कुणी विचारला नसावा.

“मिस. आमच्याकडे नर्सला मिस म्हणतात. मिस गेर्दा.”

आउरिस्तेलाने दामारिसकडे मला मागितले. मी थंड होतो. तिने मला अंथरुणावर आडवे ठेवून घेतले, पीठ मागितले आणि माझ्यावर पसरले. मग बोटाने एक अक्षर काढले.

“म,” ती म्हणाली. “मिसचा.” आणि थोड्या वेळाने, “मास्तरीणबाईंचासुद्धा.” मग तिने त्या दोघींना बेलार्मिनाची गोष्ट सांगितली, कॉफीसकट. “मी हसले होते,” ती म्हणाली. “आणि तुला पण हसले.”

“ऐकलं होतं मी,” गेर्दा म्हणाली.

“माफ कर, मिस.”

गेर्दाने अक्षर मोडू नये अशा बेताने मला उचलून बाजूला ठेवले. “आणि तुम्हाला तिकडे काय म्हणायचे?”

त्यानंतरचे पाच आठवडे त्या खोलीत एक रुग्णालय चालू होते. “मिस, आज नाडी किती?” “अठ्ठ्याऐंशी, लिसेन्सिआदा.” “मिस, ही पट्टी तुमच्याकडे अशी बांधतात?” “तुमच्याकडे कशी बांधतात, लिसेन्सिआदा? सैल?” दोघी भांडायच्या. कामावरून आलेली दामारिस दारातूनच आमच्या रीतीप्रमाणे म्हणायची, “आशीर्वाद, आई,” आणि आतून उत्तर यायचे, “देव तुझं भलं करो.” आमच्याकडे मुले कितीही मोठी झाली तरी येता-जाता हे मागतात आणि आई ते देते.

एका दुपारी दामारिसने दारातून आशीर्वाद मागितला आणि उत्तर आले नाही. तिने पुन्हा एकदा मागितला.

“लिसेन्सिआदा गेल्या,” गेर्दा म्हणाली. ती हात धुऊन उभी होती.

मृत्यूची नोंद करायला दोघी गेल्या. घरी येऊन गेर्दाने मला चुलीवर चढवले आणि जे झाले ते दामारिसच्या तोंडून मी ऐकले. रांग नव्हती. त्या देशाने आउरिस्तेलाला न थांबवता दिलेला तो पहिला कागद. व्यवसाय, असे खिडकीतल्या बाईंनी विचारले. नर्स, दामारिस म्हणाली. इथली मान्यता आहे का? नाही. मग गृहिणी लिहिते.

“लिसेन्सिआदा होत्या त्या!” गेर्दा काचेवर हात आपटून म्हणाली होती.

“हो, हो,” बाई मायेने म्हणाल्या, “बारावीचं शिक्षणाच्या रकान्यात आलंय.”

दामारिस हे सांगताना रडली नाही. तिने कागदाची नीट घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत आईच्या पदवीशेजारी ठेवली आणि विचारले, “मिस, आरेपा किती करू?”

मित्रांनो, जुना तवा शेवटी काहीतरी शिकवून जातो अशी रीत आहे. मला साबण लावू नका, ओला ठेवू नका, वापर झाला की तेलाचा हात फिरवा. हे माझ्याबद्दल. माणसांबद्दल याहून सोपे आहे. तुमच्या गल्लीत कुणी परका राहायला आला तर त्याला भाऊ म्हणू नका, घोंगडी देऊन फोटो काढू नका, त्याला दहापैकी गुण देऊ नका. त्याला विचारा, ‘तिकडे तुम्हाला काय म्हणायचे?’ उत्तर मिळाले की हसू नका. आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच नावाने हाक मारा. एवढ्याला ना काच लागते, ना शिक्का. चार देशांना ते जमले नाही.

मी आता दोन खोल्यांमध्ये वाटून राहतो. सकाळी आरेपा, संध्याकाळी केळी. मला घ्यायला दामारिस शेजारच्या दाराशी जाते तेव्हा दार आधी ठोठावते आणि म्हणते, “मिस, येऊ का?”

आत नळ कोपराने बंद झाल्याचा आवाज येतो आणि दार उघडते.